भाडेकरू बाईला आपल्या गटात जागा आहे का?

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात ‘नवीन काय करून पाहिलं’ या सत्रात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मसाला, पापड, शेवया यातलं मी काही सांगणार नाही. ते तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्यापेक्षा चांगलं करतात. मी एक प्रश्न घेऊन उभी आहे. आपल्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहणारी बाई आपल्या गटात बसू शकते का?

हा प्रश्न मी पिंपरीहून आणला. तिथे माझी मैत्रीण वस्तीत काम करते. तिच्याकडे दोन दिवस राहिले, तिचं काम पाहिलं. परत आल्यावर आमच्या गटाने नऊ महिने एक गोष्ट करून पाहिली. जमलं ते सांगते, फसलं तेही सांगते.

आधी आपल्या गावांचं बोलू. चाकण म्हटलं की पूर्वी लोक कांद्याचा बाजार म्हणायचे. आता कंपन्या म्हणतात. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुठेही जा, घरामागे खोल्यांची रांग दिसते. दहा बाय दहाची खोली, पत्रा वर, मोरी कोपऱ्यात, संडास सगळ्यांत मिळून. आमच्या गटात पूर्वी कर्ज मागायच्या ते शेळीसाठी, म्हशीसाठी, बोअरसाठी. आता मागतात खोल्यांच्या स्लॅबसाठी. जमीन गेली, भाडं आलं. त्यात चूक काही नाही, घर चालतंय.

पण त्या खोलीत कोण राहतं? लातूर, नांदेड, जालना, यवतमाळहून आलेली, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली जोडपी. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे, बायको पॅकिंगला नाहीतर कॅन्टीनला. वर्षानुवर्षं ती आपल्याच नळावर पाणी भरते, आणि आपण तिला काय म्हणतो? ‘चार नंबरवाली.’ खोलीचा नंबर तेच तिचं नाव.

आता मैत्रिणीकडे वळते. ती माझ्या माहेरची, राहुरी तालुक्यातली. एका बाकावर बसून शिकलो. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती धर्म. ती नर्स झाली, काही वर्षं दवाखान्यात नोकरी केली, आणि मग त्यांच्या चर्चच्या सेवाकार्यातून पिंपरीच्या एका वस्तीत काम करायला लागली. कित्येक वर्षं ती म्हणायची, एकदा ये, बघून जा. शेवटी गेले. तळेगाव चौकातली गर्दी, मोशी, भोसरी असं करत पोचायला अर्धा दिवस गेला.

तुमच्या मनात येईल तो प्रश्न मी तिला पहिल्याच संध्याकाळी विचारला. म्हटलं, “खरं सांग, हे सगळं लोकांना तुमच्या धर्मात आणायला आहे का?” ती रागावली नाही. म्हणाली, “अगं, रविवारची प्रार्थना ज्याला यायचं त्याची. सोमवार ते शनिवार मी कुणाला देव विचारत नाही, बी.पी. विचारते.” दोन दिवस मी तिच्या मागे फिरले. खरंच तिने कुणाला देव विचारला नाही.

ही शंका आजची नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात पंडिता रमाबाई होऊन गेल्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. बालविधवांना शिकवायचं, हे त्या काळी केवढं नवीन! १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून बऱ्याच जणांनी आपल्या मुली तिथून काढून नेल्या. बाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांना आसरा दिला. तिथे बायका विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंच्या धर्माबद्दल कुणाचं काही मत असो. रस्त्यावर आलेल्या बाईला त्यांनी आधी जेवण दिलं आणि मग हाताला काम दिलं, एवढं आपल्याला घेण्यासारखं आहे.

मैत्रिणीकडे एक वही आहे. वस्तीत आजवर काय काय करून पाहिलं ते तिने त्यात लिहिलंय, तारखेसकट. शिवणक्लास काढला, बंद पडला. का, तर बारा तास उभं राहून आलेली बाई पुन्हा मशीनवर बसेना. वाचनालय काढलं, बंद. दुपारचा आरोग्य वर्ग, बंद, कारण दुपारी वस्तीत बायकाच नसतात. मी म्हटलं, “एवढं बंद पडलेलं कशाला लिहून ठेवतेस?” ती म्हणाली, “नाहीतर दोन वर्षांनी मीच परत शिवणक्लास काढीन.”

जे टिकलं ते साधं होतं. चार गोष्टी सांगते.

पहिली, वार आणि वेळ. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. तिची बैठक गुरुवारी रात्री आठला. आपली बैठक असते महिन्याच्या पाच तारखेला दुपारी दोनला. पाच तारखेला कामगार बाईच्या हातात पगारच नसतो, तो सात ते दहाच्या दरम्यान होतो. म्हणजे आपण दार उघडं ठेवतो खरं, पण तिला येताच येणार नाही अशा वेळी.

दुसरी, कागदांची पिशवी. तिच्या गटात आलेल्या बाईकडून पहिल्या दिवशी पैसे घेत नाहीत. एक प्लॅस्टिकची चेनची पिशवी देतात. त्यात आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचं लसीचं कार्ड, आणि पगारपावती. पगारपावती सगळ्या मिळून वाचतात. पीएफ कापला का, त्याचा यूएएन नंबर कुठाय, ईएसआय कापला का. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे अशा कामगाराला ईएसआय लागू असेल तर त्याच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापतात आणि मालकाने सव्वातीन रुपये भरायचे असतात. ठेकेदाराच्या कामगारालाही हे लागू आहे. पैसे कापले जातात आणि बाईला दवाखान्याचं कार्ड आहे हेच माहीत नसतं, असं तिने कितीदा पाहिलंय.

तिसरी, संध्याकाळची मुलांची खोली. आई दुसऱ्या पाळीला, बाप जनरलला. पाच ते नऊ पोरं कुठे जाणार? वस्तीतल्याच दोन आजी ती खोली सांभाळतात.

चौथी, जाणाऱ्या बाईचा हिशोब. भाडेकरू आज ना उद्या जाणार हे धरूनच नियम केलेला. पहिले सहा महिने स्वतःच्या बचतीएवढंच कर्ज. नंतर दुप्पट, दोघींच्या जामिनावर. सोडून जाताना कर्ज वजा करून उरलेली बचत सात दिवसांत हातात.

हे सगळं मी लिहून आणलं आणि पुढच्या बैठकीत वाचलं. मैत्रिणींनो, जो गोंधळ झाला तो विचारू नका. “रातोरात पळून गेल्या तर?” “आपल्याला त्यांची भाषा येत नाही.” “गटाच्या कागदावर गावची रहिवासी लागते.” “आधीच पाणी पुरत नाही, आता गटात पण वाटा?”

आमच्या गटात सत्तरीच्या एक काकू आहेत. त्या सहसा बोलत नाहीत, सही करतात आणि जातात. त्या म्हणाल्या, “आपण बी लग्न करून भायेरूनच आलो की या गावात. माझं तर पहिलं वरीस कुणी नाव घेऊन हाक नव्हती मारली.”

खोली शांत झाली. खरंच आहे ना? त्या बैठकीत बसलेल्या एकीचाही जन्म त्या गावातला नव्हता. आपणही कधीतरी एका पेटीसह या वेशीतून आत आलो. फरक एवढाच की आपल्याला नवऱ्याच्या सातबाऱ्याचा आधार होता, तिला भाडेपावतीही मिळत नाही.

आणखी एक आठवण मी दिली. राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेने १९८९ मध्ये आपल्या खेड तालुक्यात बचत गट बांधायला घेतले, तेव्हा बायका पैसे सांभाळतील का, ही शंका आपल्यावरच घेतली जात होती. तीच शंका आता आपण दुसऱ्या बाईवर घ्यायची का?

ठरलं असं. आपल्या गटात लगेच घ्यायचं नाही. भाडेकरू बायकांचा वेगळा छोटा गट करायचा, त्याला ‘सोबत गट’ म्हणायचं, आणि आपल्यातल्या दोघींनी आळीपाळीने तिथे बसायचं. गुरुवारी रात्री आठ, अंगणवाडीच्या व्हरांड्यात. बचत महिन्याला पाचशे, दहा तारखेनंतरच्या पहिल्या गुरुवारी. नियम मैत्रिणीच्या वहीतले.

अकरा जणी आल्या. पहिल्या दिवशी आम्ही फक्त नावं लिहिली. इतिवृत्त मराठीत लिहितो, हिंदीत वाचून दाखवतो. ओडिशाच्या ताईला तेही अर्धं कळतं, मग तिच्या शेजारची तिला खुणेने सांगते.

आता काय झालं ते ऐका.

कागदांच्या पिशवीने पहिल्याच महिन्यात काम केलं. एकीला चौथा महिना लागलेला. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं होतं, पोट दिसायला लागलं की काम सोड. तिची पगारपावती वाचली तर दर महिन्याला ईएसआय कापलेला. नियम असा की आधीच्या ठराविक मुदतीत किमान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. तिचे दिवस भरत होते. आमच्यातली एक ताई तिच्यासोबत दोनदा ईएसआयच्या कार्यालयात गेली, कार्ड काढलं. चिंचवडला मोहननगरला ईएसआयचा दवाखाना आहे, तिथे नाव नोंदवलं. मुलगी झाली. रजेचे पैसे तिच्या खात्यावर आले. त्या दिवशी ती पेढे घेऊन घरोघर फिरली, आणि सगळ्यांना तिचं नाव पाठ झालं.

रेशनचंही तसंच. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत गावचं कार्ड असलं तरी इथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, आणि गावी राहिलेल्या सासू-सासऱ्यांना तिथे त्यांचं मिळतं. हे तिघींना माहीतच नव्हतं. आणि पोरांच्या शाळेचं लक्षात ठेवा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दोन पोरं आम्ही जूनमध्ये नेऊन बसवली.

मुलांची खोली आमच्या काकूंनी घेतली. हो, त्याच काकू. संध्याकाळी सहा पोरं त्यांच्या ओसरीवर असतात. आया महिन्याला ठरलेले पैसे देतात. काकू म्हणतात, म्हशीपेक्षा बरं, शेण काढावं लागत नाही.

आता दुसरी बाजू.

तीन महिन्यांनी एकजण गावी परतली. आधी सांगून गेली, सात दिवसांत बचत नेली, चोख हिशोब. आठव्या महिन्यात मात्र दुसरी रातोरात गेली. कर्ज सहा हजार घेतलेलं, पाच हजार बाकी, तिची बचत चार हजार. एक हजाराचा खड्डा पडला. जामीन राहिलेल्या दोघींनी तीनशे-तीनशे भरले, चारशे व्याजाच्या पैशातून घातले. तिचा फोन लागत नाही. का गेली, कळलं नाही. ते चारशे रुपये आम्ही वहीत लाल शाईने लिहून ठेवलेत, खोडणार नाही. ज्यांनी “पळून जातील” म्हटलं होतं त्यांचं बोलणं अकरांपैकी एकीच्या बाबतीत खरं ठरलं. नियम होता म्हणून खड्डा एक हजारावर थांबला.

आणि सगळ्यांत अवघड ते सांगते. बायका एकत्र बसल्या की बोलतात. चौथ्या बैठकीत विषय निघाला विजेचा. एका वाड्यात युनिटला बारा रुपये घेतात, दुसऱ्यात नऊ. असं का? घरमालकीण कोण, तर आमच्याच गटाची ताई, समोरच बसलेली. ती उठून गेली. म्हणाली, “माझ्याच व्हरांड्यातल्या बायका तुम्ही माझ्याविरुद्ध बसवल्या.” दोन महिने बैठकीला आली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. वीजबिल समोर ठेवलं, बिलाची रक्कम युनिटवर भागली, पंप आणि जिन्यातला दिवा यांचा खर्च धरला. तिने दर कमी केला, पण पूर्ण नाही. पत्रा बदलायचा आहे, कर्जाचा हप्ता आहे, तिचंही खरं आहे. आता ती बैठकीला येते. दर अजून सगळ्या वाड्यांत सारखा नाही. हे मी लपवून सांगितलं तर तुम्ही तुमच्या गावात कराल आणि पहिल्याच भांडणाला गडबडून जाल, म्हणून सांगितलं.

माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. भाडेकरू बाईला बचत शिकवणं सोपं आहे. ती आपल्या बरोबरीने बसून आपल्यालाच हिशोब विचारेल, हे पचवणं अवघड आहे. पण गट सुरू झाले तेव्हा आपणही घरात हेच केलं होतं. नवऱ्याला, सासऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला हिशोब विचारला होता. त्यांनाही ते आवडलं नव्हतं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर सगळं एकदम करू नका. माझी मैत्रीण सांगते, एका वेळी एकच गोष्ट, सहा महिने, आणि वहीत नोंद. चालली तर पुढे, नाही तर का नाही ते लिहा.

सुरुवातीला एवढंच करा. आपल्या वाड्यातल्या प्रत्येक भाडेकरू बाईचं नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. मग एका गुरुवारी रात्री आठला त्यांना बोलवा, चहा करा, पगारपावत्या आणायला सांगा. पैशाचा विषय त्या दिवशी काढू नका. गट झालाच तर जाणाऱ्या बाईचा हिशोब पहिल्या पानावर लिहा. घरमालकीण आणि भाडेकरू एकाच बैठकीत असतील तर तिसऱ्या वाड्यातली ताई अध्यक्ष ठेवा, आम्ही आता तसंच करतो.

शेवटी संघाकडे एक मागणी. आमच्या सोबत गटाला आता नऊ महिने झाले. राहिलेल्या नऊ जणींना संघात यायचं आहे. आपल्या नियमात ‘सदस्य गावची रहिवासी असावी’ एवढंच लिहिलंय. जी बाई गावात राहते, इथलं पाणी पिते, इथल्या शाळेत पोर घालते, ती रहिवासी की नाही? सहा महिने सलग राहणारी आणि दोन जुन्या सदस्यांनी ओळख दिलेली बाई रहिवासी धरावी, असा ठराव आमचा गट येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. विरोध असेल तर जरूर करा, पण येण्याआधी आपल्या वाड्यातल्या एका तरी भाडेकरू बाईशी बोलून या.